कीथसरांचा सीझन

परवा संध्याकाळी कढईत भाजी टाकली आणि मागच्या दारी कुंडीतली कोथिंबीर खुडायला गेले, तर कुंपणापलीकडच्या मैदानावर तो माणूस आला होता, रेघा मारणारा. छोटीशी ढकलगाडी असते त्याच्याकडे, ती ढकलत तो सरळ चालत जातो आणि त्याच्या मागं गवतावर पांढरी रेघ उमटत जाते. ऊन अजून भाजत होतं, इथला सप्टेंबर पानगळीचा तो नुसता नावाला, पण कापलेल्या गवताचा आणि त्या रंगाचा वास एकदम नाकात शिरला आणि मला भीती वाटली. आणि गंमत म्हणजे भीतीच्या खाली कुठंतरी बरं पण वाटत होतं, खूप जुनं कुणीतरी भेटल्यासारखं. मी तशीच उभी राहिले कोथिंबीर हातात धरून. आतून हे ओरडले, "अगं वर्षा, धूर!" मी म्हटलं, "सीझन आला." हे म्हणाले, "म्हणून भाजी जाळायची?"

आमच्याकडं, म्हणजे भंडारा जिल्ह्यात, सीझन म्हणजे नाटकांचा. दिवाळी सरली, धान कापून झालं, की गावोगावी मंडप पडायचे आणि माझा मामा, जो दिवसभर भाताच्या गिरणीत कोंड्यानं पांढरा व्हायचा, तो तोंड धुऊन, रंग लावून राजा व्हायचा. सकाळी परत कोंडा. इथं टेक्सासात, प्लेनोत, सीझन म्हणजे सॉकरचा, म्हणजे आपल्या फुटबॉलचा, एक पानगळीतला आणि एक उन्हाळ्याआधीचा. आता पाच वर्षं झाली, माझी लेक जुई अकरा वर्षांची झाली, कितीतरी सीझन आले गेले, मला एकाचाही स्कोअर आठवत नाही. पण दोन हजार तीनची ती पहिली पानगळ मात्र सगळीच्या सगळी आठवते. इथल्या मराठी मंडळातल्या सुनीताताई म्हणाल्या, मंडळाच्या अंकात लिही की हे. मी म्हटलं, ताई, मी दहावीत इंग्रजीत अडकलेली बाई, मी काय लिहू. त्या म्हणाल्या, मराठीत लिहायचंय, इंग्रजीचं काय काम. म्हणून लिहिते, जसं येतंय तसं.

आधी जुईचं सांगायला पाहिजे. जुई झाली तेव्हा तिच्या हृदयाला भोक होतं आणि अजूनही काहीतरी होतं, नागपूरच्या डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं होतं, मला त्यातलं भोकच तेवढं कळलं. ती रडली की तिचे ओठ निळे पडायचे, जांभळं खाल्ल्यासारखे. रडू द्यायचंच नाही, अशी मी तिला सांभाळली. भूक लागायच्या आधी दूध, झोप यायच्या आधी मांडी. मग ऑपरेशन झालं, अजून चालायलाही लागली नव्हती ती. डॉक्टर म्हणाले, बरी झाली पोरगी. ती झाली बरी. मी नाही झाले. पोरगी पायऱ्या चढायला लागली की मी कडेवर घ्यायचे, बागेत पळाली की मागं पळायचे आणि पकडून तोंड वर करून ओठ बघायचे, गुलाबी आहेत ना, आहेत, मग सोडायचे. तिला वाटायचं सगळ्या आया असंच करतात, ती आपोआप तोंड वर करायची.

तर त्या वर्षी ऑगस्टात हे ऑफिसातून आले आणि बूट काढता काढता म्हणाले, "जुईचं नाव सॉकरला घालून आलो."

मला वाटलं चेष्टा करतायत. मग कळलं चेष्टा नाही, आणि मी जे बोलले ते इथं लिहीत नाही. हे सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, "इथल्या डॉक्टरांनीपण सांगितलंय ना, पळू द्या. तूच होतीस समोर. एक सीझन, वर्षा. एकच. तो संपला की तू म्हणशील तसं. नको म्हणालीस तर मी परत विषय काढणार नाही, आयुष्यात नाही."

मी गावी आईला फोन लावला. आई म्हणाली, "काऊन वो, पोरीले फुटबॉल? जावयानं तिच्या छातीवरचे टाके पाह्यले नाहीत का?" मग मला जरा बरं वाटलं, कुणीतरी माझ्या बाजूचं होतं. मी मनाशी ठरवूनच टाकलं, सीझन काढायचा कसातरी, दात आवळून, आणि शेवटच्या मॅचनंतर नको म्हणायचं. झालं. कायमचं संपलं.

पहिल्या प्रॅक्टिसला सुनीताताईंनी सोडलं, मला गाडी येत नव्हती तेव्हा. मैदान म्हणजे एक लांबच लांब हिरवं, झाड नाही की सावली नाही, बाजूनं घडीच्या खुर्च्या टाकून बसलेल्या गोऱ्या आया, हातात हे एवढाले ग्लास. आणि मधोमध एक माणूस, पन्नाशीचा असेल, डोक्यावर केस कमी, मान उन्हानं लाल, गुडघे असे की कुणीतरी घरी बसून दुरुस्त केल्यासारखे. तो पोरांना पडायला शिकवत होता.

खरंच. बॉल बाजूला ठेवलेला होता, ढिगात. तो आधी स्वतः पडला, असा धप्पकन नाही, खांदा आत घेऊन, गोल, लोळण घेऊन उठला, आणि उठताना जरा कण्हला. मग पोरं पडायला लागली एकामागून एक, हसत खिदळत. आणि माझी जुई, जिला मी कधी रांगताना पण सतरंजीच्या बाहेर जाऊ दिली नव्हती, ती रांगेत उभी होती पडायसाठी. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा ती पडून उठलेली होती, गुडघ्याला गवत, आणि परत रांगेत जाऊन उभी राहिलेली.

ते कीथसर. बाकी पोरं त्यांना 'कोच कीथ' म्हणायची. मला तसं नुसतं नाव घ्यायला जीभ वळेना, शिक्षकाला नुसतं नाव कसं घ्यायचं, म्हणून मी कीथसर म्हणायचे. ब्रेंडा म्हणून एक आई होती, टायलरची आई, मोठ्या आवाजाची, मोठ्या मनाची, तिला वाटलं तेच त्यांचं पूर्ण नाव आहे. शेवटी शेवटी ती पण 'कीथसर' म्हणायला लागली.

ते इंग्लंडचे. तिकडं उत्तरेला कुठलंसं गिरण्यांचं गाव होतं त्यांचं. त्यांचं इंग्रजी मला कळायचं नाही, पण मजा अशी की ते कुणालाच कळायचं नाही. ते काहीतरी लांबलचक बोलायचे आणि सगळ्या आया एकमेकींच्या तोंडाकडं बघायच्या. ब्रेंडा माझ्याकडं वाकून विचारायची, "व्हॉट डिड ही से?" अमेरिकेत आल्यापासून पहिल्यांदाच मला कुणीतरी इंग्रजीचा अर्थ विचारत होतं. आणि मला थोडाफार सांगतापण यायचा, कारण मी शब्दांवर नव्हतेच कधी, मी हातांकडं बघायचे, आणि कीथसर सगळं हातांनी बोलायचे. सगळ्यांना 'लव्ह' म्हणायचे, मला पण. घरी सांगितलं तर ह्यांच्या कपाळाला आठी पडली. सुनीताताई म्हणाल्या, अगं, तिकडं म्हणतात तसं, आपण 'बाई गं' म्हणतो तसं. तेव्हा ती आठी गेली.

मी त्यांना पहिल्याच दिवशी गाठलं. रात्रभर पाठ केलेलं वाक्य तिथं गेल्यावर विसरले. मी नुसतं माझ्या छातीवर हात ठेवला, मग जुईकडं बोट केलं, मग बोटानं छातीवर वरून खाली एक रेघ ओढली. ते खाली बसले, त्या तसल्या गुडघ्यांवर, आणि विचारलं, डॉक्टर काय म्हणाले?

"डॉक्टर से रन."

"आणि तुम्ही?"

"आय से नो रन."

त्यांनी डोकं खाजवलं. म्हणाले, मग असं करू, डॉक्टरांपेक्षा थोडं कमी आणि तुमच्यापेक्षा थोडं जास्त. आणि त्यांनी काय केलं, त्या केशरी प्लॅस्टिकच्या टोप्या असतात ना जमिनीवर ठेवायच्या, कोन, तो एक उचलला, आपल्या गोलच्या अगदी जवळ डाव्या बाजूला ठेवला आणि जुईला म्हणाले, हे तुझं घर. इथं उभं राहायचं. मी आयुष्यभर इथंच उभा राहिलो.

मी म्हटलं थँक्यू सर, थँक्यू. मला वाटलं, चला, पोरगी जागेवर उभी राहील, सीझन निघून जाईल.

शनिवारी मॅच. बाकीचे आईबाप बॉलबरोबर माना फिरवायचे, इकडं, तिकडं. माझी मान एकाच जागी. मी बॉल बघितलाच नाही. मी जुईचे ओठ बघायचे. इतक्या लांबून काय दिसणार, पण मला दिसायचे. गुलाबी. गुलाबी. अजून गुलाबी. मॅच संपली की हे घरी विचारायचे, "काय झालं आज?" मी म्हणायचे, "बरी होती." हे म्हणायचे, "अगं, जिंकले का हरले?" ते मला ठाऊकच नसायचं.

हाफटाइमला संत्री. ही कीथसरांची पद्धत, बाकीच्या टीम्स रंगीत पाण्याच्या बाटल्या प्यायच्या, आमच्या टीमला संत्रं. त्यांच्याकडं तिकडं गावोगावच्या क्लबात तसंच असतं म्हणे, एक परात भरून संत्र्याच्या फोडी, सालीसकट चार तुकडे, चोखायचं आणि साल फेकायची. मी नागपूरच्या बाजूची, संत्रं बघून इतका जीव फुलला. पण मी काय करायचे, जुईची संत्री घरूनच सोलून न्यायचे, पाकळी पाकळी मोकळी करून, वरचे पांढरे दोरे काढून, आतल्या बिया काढून, घशात अडकायला नकोत म्हणून. एक दिवस तिनं माझा डबा ढकलला आणि टायलरसारखी अख्खी फोड तोंडात घातली, साल बाहेर, दातांवर नारिंगी दात लावल्यासारखी, आणि माझ्याकडं बघून हसली. रस गळ्यावरून ओघळून छातीवर गेला. मी रुमाल काढला. "आई, स्टॉप," ती म्हणाली.

आणि तो कोन. तिसऱ्या का चौथ्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं की जुई मला आता जास्त नीट दिसते. मग कळलं, ती जवळ आलीये. मैदानाच्या मधल्या रेघेकडं. दर शनिवारी कीथसर तो कोन थोडा थोडा पुढं ठेवत होते, आणि पोरगी आपली इमानानं कोनाजवळ, घर सरकलं तशी ती पण सरकली. मी रागानं गेले त्यांच्याकडं. म्हटलं, "कीथसर, यू मूव्हिंग कोन."

ते म्हणाले, "मी नाही हो. वारा फार असतो इथं टेक्सासमध्ये."

झाडाचं पान हलत नव्हतं. माझ्या तोंडावर हसू आलं आणि मी भांडायचं विसरले.

आता ह्या वासानं जे खरं परत येतं ते शनिवारचं नाही, ते मंगळवार-गुरुवारच्या संध्याकाळचं. प्रॅक्टिस संपली की गाड्या येऊन पोरं घेऊन जायच्या आणि मैदानावर आम्ही उरायचो. आम्हाला न्यायला हे यायचे, पण ह्यांचा पुण्याच्या ऑफिसातल्या लोकांबरोबर कॉल असायचा, तो कधी वेळेवर संपलाच नाही. आणि नियम असा होता की शेवटचं पोर घरी जाईपर्यंत कोचनं जायचं नाही. म्हणजे आमच्यामुळं कीथसर अडकायचे. मला इतकं ओशाळं वाटायचं. ते म्हणायचे, मला कुठं जायचंय लव्ह, रंगाच्या दुकानात दिवसभर डबे हलवतो, इथं निदान हवा आहे. जुई लांब गोलच्या जाळीत बॉल मारत बसायची. समोरच्या तारांवर त्या काळ्या लांब शेपट्यांच्या पक्ष्यांचा मेळा भरायचा, कावळ्यांचे चुलत भाऊ असल्यासारखे, एकाच वेळी शंभर कुलुपं उघडल्यासारखा आवाज. खाली गवतात लाल मुंग्या, एकदा त्यांच्या वारुळावरच बसले होते मी, ते सांगत नाही. पाणी मारायचे फवारे ठरल्या वेळी आपोआप सुरू व्हायचे आणि आम्ही दोघं आपापली खुर्ची उचलून पळायचो.

तिथं त्यांनी मला त्यांचं सगळं सांगितलं, थोडं थोडं, हातांनी.

सोळा वर्षांचे असताना एका मोठ्या क्लबानं निवडीसाठी बोलावलं होतं त्यांना. दिवसभर खेळले. एक माणूस सँडविच खात खात आला आणि म्हणाला, पाय चांगले आहेत, पण सावकाश आहेत. झालं. तेवढंच. बसनं घरी. मग गावच्या क्लबात खेळायला लागले, आणि खेळतच राहिले. "सेमी-प्रो," ते म्हणाले. मला कळेना. प्रो कळलं, हे सेमी काय? त्यांनी हाताचा पंजा आडवा धरला आणि मधून कापला. अर्धं. आठवडाभर लोकांच्या छपरांवर दगडी पाट्या बसवायच्या, मंगळवार-गुरुवार संध्याकाळी प्रॅक्टिस, शनिवारी मॅच, सोमवारी सकाळी परत छपरावर. मैदान उताराचं, एका बाजूला चिखल, बघायला माणसं किती तर आवाजावरून ओळखू यावीत इतकी. एक म्हातारा होता, तो दर शनिवारी यायचा फक्त त्यांना शिव्या द्यायला. "तो एकदा आला नाही," कीथसर म्हणाले, "तर मला खेळताच येईना."

मला एकदम मामा दिसला. मी उठून उभीच राहिले. म्हटलं, "कीथसर, माय मामा! डे राइस मिल. नाइट किंग!" आणि मुकुट दाखवला डोक्यावर, तलवार काढून दाखवली, मामासारखी छाती काढून दोन पावलं टाकली. ते बघत राहिले आणि मग इतके हसले, इतके हसले की तारेवरचे पक्षी उडाले. त्यांनी विचारलं, आणि किंगला पैसे?

"लिटिल."

"आणि शिव्या?"

"मच!"

"सेमी-प्रो," ते म्हणाले, आणि माझ्याशी हात मिळवला, जसा काही मामाशीच मिळवला.

एका गुरुवारी त्यांनी आईचं सांगितलं. मी जुईकडं बघत होते, जुई बॉल मारताना पडली होती, मी अर्धी उठून परत बसले होते, आणि ते म्हणाले, माझी आई कधीच आली नाही. एवढी वर्षं खेळलो, एकदाही नाही. लहान असताना एकदा तिच्या डोळ्यांदेखत डोकं फुटलं होतं त्यांचं, चिखलात रक्त, तेव्हापासून नाही. शनिवारी दुपारभर ती घरात धुणं धुवायची, धुतलेलं परत धुवायची. आणि मॅच संपली की कीथसरांनी मागच्या गल्लीनं यायचं आणि कोपऱ्यावरून शीळ घालायची. शीळ ऐकू आली की ती चहाचं पाणी ठेवायची. शीळ येईपर्यंत गॅस पेटवायचा नाही.

मग एका शनिवारी त्यांचा गुडघा गेला. असा आवाज आला म्हणे, काडी मोडल्यासारखा. इस्पितळात नेलं. ते पडल्या पडल्या मित्राला म्हणाले, अरे, आई शिळेची वाट बघत असेल, जा, कोपऱ्यावरून शीळ घाल, तिला चहा तरी पिऊ दे, मग सांगू. मित्र गेला. हुबेहूब तशीच शीळ घातली, वर्षानुवर्षं ऐकलेली. दार उघडलं तर आई कोट घालून तयार उभी. म्हणाली, कुठल्या इस्पितळात?

ते जाळीकडं बघत म्हणाले, "तुम्ही येता पण." आणि मग, "तुम्ही बघता काय ते मला माहीत नाही, पण येता."

गुडघ्यानंतर ते शिकवायला लागले. आधी खेळत खेळत शिकवलं, लंगडत, मग नुसतं शिकवलं. गावच्याच क्लबाचे कोच झाले. त्यांना वाटलं आता इथंच म्हातारं व्हायचं, पण क्लब बुडाला, मैदान विकलं गेलं, तिथं मोठं दुकान झालं. ते म्हणाले, मी ज्या कोपऱ्यात उभा राहायचो तिथं आता दही मिळतं. मग कुणीतरी सांगितलं, टेक्सासात उन्हाळ्यात पोरांची शिबिरं असतात, इंग्रज कोच हवे असतात, तिकडं बोलीलाच मान आहे. आले एका उन्हाळ्यासाठी. राहिले.

आता ते प्लेनोत नाहीत. दोन वर्षांपूर्वी समुद्राकडच्या गावी गेले, तिथंही पोरं शिकवतात. नाताळात फोन येतो. फोनवर तर त्यांचं अजिबातच कळत नाही, हात दिसत नाहीत ना. आम्ही दोघं नुसते हसतो आणि ठेवतो.

पण त्या सीझनची शेवटची मॅच.

नोव्हेंबर होता, तरी सकाळी इतकं ऊबदार की मी जुईला नुसता टीमचा पिवळा शर्ट घालून नेलं. हे पण आले होते त्या दिवशी, शेवटची म्हणून. माझ्या मनात एकच, आज संपतंय. संध्याकाळी मी नको म्हणणार आणि मग परत कधी असं शनिवारी तिचे ओठ बघत बसावं लागणार नाही. मला इतकं हलकं वाटत होतं. आणि थोडं कसंतरीपण, कारण कीथसरांनी संत्री आणली होती नेहमीसारखी आणि त्यांना काही ठाऊक नव्हतं.

मॅच सुरू झाली आणि उत्तरेकडून आभाळाची निळी-काळी भिंत आली. इथं असं होतं, आता मला माहीत आहे, तेव्हा नव्हतं. उन्हात बसलेलो असतो आणि एकदम कुणीतरी फ्रीजचं दार उघडल्यासारखा वारा येतो, आणि बघता बघता हाडं वाजायला लागतात. खुर्च्या उलटल्या. ब्रेंडाचा ग्लास घरंगळत गेला. आणि कीथसरांचे सगळे कोन उडाले. केशरी टोप्या मैदानभर पळायला लागल्या, अर्धी पोरं बॉल सोडून कोनांच्या मागं. जुईचं घर तर पार रस्त्यापर्यंत गेलं.

ती जागच्या जागी उभी राहिली. मोठ्यानं ओरडली, "कोच! व्हेअर डू आय स्टँड?"

कीथसर हात तोंडापाशी धरून ओरडले, "बॉल कुठंय, लव्ह?"

"देअर!"

"मग?"

आणि ती सुटली. मी तिला तशी पळताना कधी बघितलंच नव्हतं, मी कधी पळू दिलंच नव्हतं. मी ओठ शोधले, आणि दिसले, आणि ते निळे होते. जांभळासारखे निळे. तेच. अगदी तेच.

मला पुढचं नीट आठवत नाही, हे सांगतात म्हणून माहीत. मी पिशवीतली शाल घेऊन मैदानात धावले, मधोमध, मॅच चालू असताना, चप्पल एक कुठंतरी राहिली. रेफ्रीनं शिट्टी मारली. मी जुईला धरली, तिचं तोंड वर केलं, दोन्ही हातांनी तिचे गाल चोळायला लागले, "जुई, जुई, श्वास घे बाळा, श्वास घे," आणि ती माझ्या हातातून सुटायला धडपडत होती, "आई! आई, लेट गो! आय'म जस्ट कोल्ड! एव्हरीबडीज ब्लू!"

मी वर बघितलं. सगळी पोरं भोवती जमली होती, दात वाजत होते त्यांचे. टायलरचे ओठ निळे. त्या सोनेरी वेणीवाल्या पोरीचे निळे. पलीकडच्या टीमच्या सगळ्यांचे निळे. कीथसर लंगडत आले, त्यांचेपण निळे. शेवटी ब्रेंडा आली माझी चप्पल घेऊन, तिनं लिपस्टिक लावली होती, तिचंच तेवढं काही कळत नव्हतं.

कुणी हसलं नाही. मी बाहेर येईपर्यंत रेफ्री थांबला, सगळी मॅच थांबली. कीथसर माझ्याबरोबर रेघेपर्यंत आले. फक्त शाल माझ्याच खांद्यावर नीट घातली आणि परत गेले.

मग मला बघायला काही उरलंच नाही. ओठ बघून उपयोग नव्हता, ते काहीच सांगत नव्हते आता. हे शेजारी येऊन उभे राहिले. "बॉल कुठंय?" मी विचारलं. हे दचकले. मग त्यांनी दाखवला.

आणि मी मॅच बघितली. आणि मी जुई बघितली. देवा, काय पोरगी ती! केवढा मोठा आवाज, सगळ्यांना हुकूम सोडत होती, "टायलर, गो! गो! नॉट देअर!" पुढच्या पोरीचा शर्ट ओढला तिनं, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, रेफ्रीचं लक्ष नाही असं बघून ओढला. पडली, गोल लोळली, उठली. बॉल लांब मारायच्या वेळी जीभ बाहेर काढत होती, अगदी माझ्या मामासारखी, तलवार उचलताना तो काढायचा तशी. भांडखोर. लबाड. जोरकस. मी सहा वर्षं हिच्या ओठांकडं बघत आले होते आणि हिची आणि माझी ओळखच नव्हती. हे म्हणाले, "रडतेस काय?" मी म्हटलं, "थंडी आहे."

हरले. पोरांनी तरी हातांची कमान करून एकमेकांना खालून पळवलं, प्लॅस्टिकचे कप मिळाले, कीथसरांनी प्रत्येकाचं डोकं हलवलं. थंडीनं कुणी थांबलं नाही.

गाडीत ह्यांनी हीटर लावला. जुई मागं शालीत गुंडाळलेली, धुमसत होती, "वी लॉस्ट बिकॉज ऑफ टायलर. ही नेव्हर लिसन्स." मग तिनं खिडकीला डोकं टेकलं. मी समोर बघत होते. ह्यांनी सिग्नलला गाडी थांबवली आणि माझ्याकडं न बघता एवढंच म्हणाले, "मग?"

मी मागं वळून बघितलं. तिनं बुटांतून टाचा काढून ठेवल्या होत्या, बोटं तेवढी आत. म्हटलं, "हे बूट तिला टोचतायत. पुढच्या सीझनला एक नंबर मोठे घ्या."

सिग्नल हिरवा झाला तरी गाडी तशीच उभी. इथं कुणी सहसा हॉर्न वाजवत नाही, पण मागच्यानं शेवटी वाजवला, तेव्हा कुठं ह्यांनी ब्रेकवरचा पाय उचलला.